मोहाखालचा खराटा

वन खात्यात कामाला होते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, वाघ पाहिला का? नाही पाहिला. एवढ्या वर्षांत एकदा अस्वलाची विष्ठा पाहिली, तीही मालतीने बोट दाखवलं म्हणून. माझं काम खाली मान घालून करायचं होतं. रायपूरजवळच्या सरकारी नर्सरीत पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, पाणी घालायचं, आणि वर्षातून काही आठवडे गावांच्या जंगलात जाऊन आपोआप उगवलेली रोपं मोजायची. त्यामुळे वाघ जवळून गेला असेल तरी मला त्याचे फार तर पाय दिसले असते.

आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव मागवले आहेत. नातीने ती चिठ्ठी मला वाचून दाखवली. मी नाव दिलं नाही. चौथी शिकलेल्या बाईने साहेबलोकांच्या ओळीत कशाला बसायचं? पण त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. भाजी चिरता चिरता मधूनच उठते, गच्चीवर जाऊन येते. म्हणून नातीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून काढते आहे. कोणाला दाखवायचं ते पुढे बघू.

नर्सरीत गिऱ्हाईकं फार मजेची यायची. रायपुरातल्याच बूढ़ापारा वस्तीतले एक गृहस्थ आले. त्यांना घरासमोर लावायला झाड हवं होतं, पण पान गळायला नको, पक्षी बसायला नकोत, आणि नातवाच्या मुंजीपर्यंत सावली पडली पाहिजे. मुंज कधी, तर वैशाखात. तेव्हा माघ चालू होता. मालती माझ्या कानाशी म्हणाली, "याले झाड नाही, छत्री दे." मालती गोंदियाकडची. माझ्यासोबतच नर्सरीत लागली. मी जे मनात बोलते ते ती तोंडाने बोलते, म्हणून आमची जोडी जमली.

झाडाला आपला वेळ असतो, हे बाहेरच्या माणसाला पटवणं अवघड. खात्यातल्या माणसालाही अवघड. साल नावाच्या झाडाच्या बियांची गोष्ट सांगते. सालाचं बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि आठवडाभरात मरतं. ते सुकवून डब्यात भरून ठेवता येत नाही. पडलं की लगेच मातीत गेलं पाहिजे. एका वर्षी आम्ही बायकांनी पोती भरून बी आणलं. साहेब म्हणाले, थांबा, पेरणीचा कार्यक्रम होणार आहे, पाहुणे येणार आहेत. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली. मग मंडप पडला, पाहुण्यांनी पहिलं बी टोचलं, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या सगळ्या पिशव्या भरल्या. महिनाभर पाणी घातलं. एक कोंब आला नाही. मला पोत्यात हात घातल्यावरच कळलं होतं. बी हलकं झालं होतं, आतून खडखडत होतं. पण मी बोलले नाही. साहेबांपुढे माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, "हव." हव म्हणजे हो. इकडचा शब्द आहे, माझ्या जिभेवर कायमचा बसला.

ती गोष्ट आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसत सांगितली. दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

त्याआधी मोजणी कशी होते ते सांगते. जंगलात दोरीने चौकोन आखायचा. त्याच्या आत ज्या ज्या झाडाचं रोप असेल ते पुकारायचं. गुडघ्याखालचं, कमरेपर्यंतचं, डोक्यावरचं, असे तीन खण. बाबू कागदावर लिहायचा. मोठी झाडं कोणीही पाहतो, पण जंगल राहणार की नाही ते या गुडघ्याखालच्यांवर ठरतं. मोठी झाडं आज ना उद्या जाणारच. मागे कोण आहे, हे पाहायचं.

आणि मागे कोण राहील हे बरंचसं माणसाच्या हातात असतं. तेंदूचं पान विडीला लागतं. कोवळं मोठं पान मिळावं म्हणून दरवर्षी तेंदूची झुडपं छाटतात. वर्षानुवर्षं छाटलेलं ते झुडूप कधी झाड होत नाही, कमरेशीच म्हातारं होतं. चारोळीची फळं कच्ची असतानाच लोक फांद्या ओढून मोडतात, कारण आपण थांबलो तर दुसरा नेईल. आणि मोहाखाली आग लावतात.

मोहाची फुलं फाल्गुनात, चैत्रात गळतात. पहाटेपासून टप टप. त्याच वेळी झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो. त्यात फूल हरवतं. म्हणून आधी काडी लावायची. पाचोळा जळतो, जमीन काळी होते, त्यावर पिवळसर फुलं लांबून दिसतात. एका काडीचं काम. पण त्या आगीत आदल्या पावसात उगवलेलं प्रत्येक रोपही जातं. वर राहिलेलं बी, म्हणजे टोरी, तेलासाठी वेचून नेतात. म्हणून मी जिथे जिथे दोरी आखली तिथे मोह म्हणजे सगळे म्हातारे. डोक्यावरचं एक नाही, कमरेचं नाही, गुडघ्याखालचंही नाही. पोरं नसलेलं गाव असावं तसं.

रायपूरपासून बसने दोन तासांवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या फुलबासनकडे सात मोह होते. कागदावर ती झाडं सरकारची. पण कोणतं झाड कोणाच्या घरचं हे गावाला पाठ असतं. तिला ती सासूकडून मिळालेली. मोजणीला गेलो की आम्ही तिच्या अंगणात भाकरी खायचो. साहेबांपुढे मी मुकी, पण बायकांत बसून फुलं वेचताना मला बोलता येतं. मी तिला म्हटलं, "तुझ्या सात झाडांच्या मागे कोणी नाही. आग नको लावू. झाडून घे."

ती हसली. "सात झाडं झाडायची? तू झाडशील?"

"एक झाडते."

मी रजा काढून गेले. रायपूरच्या गोल बाजारातून खराटा नेला. मोहाचा घेर मोठा असतो, अर्धा दिवस गेला, कंबर धरली. पण दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही फुलं शेजारी ठेवून पाहिली. आगीच्या जागेवरचं फूल राखेने मळलेलं, धुवावं लागतं, धुतलं की गोडी जाते. माझ्या झाडाखालचं स्वच्छ. पुढच्या वर्षी तिने सातही झाडं झाडली, आणि शेवटची पडलेली टोरी उचलली नाही. शेळ्या येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्या घातल्या.

तीन वर्षांनी मी दोरी घेऊन गेले तर ती बांधावरूनच ओरडली, "बाई, मोर लइका मन ला देख!" माझी लेकरं बघ. पहिल्याच चौकोनात मोहाची नऊ रोपं. गुडघ्याखालची, पण मोठ्या चामट पानांची. बाबूने दोनदा विचारलं, "महुआ? पक्का?" मी मोठ्याने म्हणाले, "पक्का." मालती नंतर म्हणाली, इतका मोठा आवाज तुह्या लग्नात पण नव्हता निघाला.

मोहाचं रोप वर बोटभर दिसतं, पण खाली त्याचं मूळ हातभर गेलेलं असतं. नर्सरीच्या पिशवीत ते मावत नाही, पिशवी फाडून जमिनीत घुसतं. आम्ही दर महिन्याला पिशव्या उचलून ती मुळं तोडायचो. जंगलातल्या रोपाचं मूळ कोणी तोडत नाही, म्हणून तेच खरं झाड.

त्याच्या पुढच्या वर्षी त्या जागेवर सागवानाचं रोपवन मंजूर झालं. तारेचं कुंपण आलं, खड्डे आले, आणि त्यात लावलेली रोपं आमच्याच नर्सरीतली, माझ्या हाताने भरलेल्या पिशव्यांतली. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून आदल्या दिवशी सफाईला आम्हा बाराजणींना नेलं. ओळींतला साग आणि मोठी झाडं सोडून बाकी जमीन साफ हवी होती.

तिथले डिप्टी साहेब, म्हणजे डेप्युटी रेंजर, वाईट माणूस नव्हते. उगाच ओरडायचे नाहीत, बायकांना सावलीत पाणी पाजायचे. त्यांनी मोहाखालची ती हिरवळ पाहिली आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आप तो गिनती वाली हो. ये नीचे सब झाड़ी ही है ना?"

मला विचारलं. बाराजणींत मला. मागे जीप चालू होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, साहेबांची एक नजर घड्याळावर. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "हव साहेब."

एवढंच. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. साहेबांच्या प्रश्नात जे उत्तर होतं तेच मी दिलं. ते जीपमध्ये बसून गेले.

मालती विळा हातात धरून तशीच उभी होती. "काहून वो? हे तं मोहाचे पोट्टे हायेत. तूच त्या बाईले सांगत होती ना?"

"कापून राहिली ना मी," मी म्हटलं. "तू बी काप."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. दुपारपर्यंत सगळं झालं. कोवळं खोड विळ्याला लागतही नाही.

फुलबासन आली तेव्हा आम्ही शेवटच्या झाडाखाली होतो. मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी वाटच पाहत होते. तिने कुंपणाच्या तारेखालून वाकून आत येऊन एक कापलेलं रोप उचललं, पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला म्हणाली, "तैं कहेस, त मैं आगी नइ लगाएंव." तू म्हणालीस म्हणून मी आग लावली नाही. मग तिने पदर कमरेला खोचला आणि कापलेली सगळी रोपं गोळा करून त्यांचा भारा बांधला. शेळ्यांना घालायला. भारा डोक्यावर घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. ओळी सरळ आहेत म्हणाले. फोटो झाले. खोटं कशाला लिहू, त्या सागाच्या ओळी आजही उभ्या आहेत आणि दिसायला छान आहेत. पण सागाखाली कोणी टोपली घेऊन जात नाही.

त्या पावसाळ्यात मोजणीला गेले तर कापलेल्या प्रत्येक खुंटातून दोन दोन, तीन तीन फुटवे निघाले होते. खालचं मूळ जिवंत होतं. मी जागीच बसले. हे फुलबासनला सांगायचं म्हणून तिच्या दारापर्यंत गेले. तिने पाणी दिलं, नातीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, या वर्षी उडीद बरा आहे म्हणाली. मी उडदाबद्दल बोलून परत आले. आणि फाल्गुनात तिने सातही झाडांखाली आग लावली. का लावू नये? झाडायचं कोणासाठी?

त्यानंतर मी निवृत्त झाले. मुलगा रेल्वेत आहे, त्याच्याकडे राहते. आता कोणी मोजायला सांगत नाही. पण एक हिशेब डोक्यातून जात नाही. आगीने फुटवा जळला तरी पावसात मुळातून पुन्हा फुटतो. दरवेळी थोडा बारीक. असं ते मूळ किती वर्षं करत राहील? मी जाणत्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं पाच, कोणी म्हणालं दहा, कोणी म्हणालं आजी, आराम करा. फाल्गुन लागला की मी गच्चीवर जाऊन वास घेत बसते. रायपुरात कचरा जळला तरी मला तिकडची आग वाटते.

दोन वर्षं अशी काढली. तिसऱ्या वर्षी बसमध्ये बसले आणि गेले. घरी सांगितलं, मालतीकडे जाते.

फुलबासन फुलं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "काबर आए हस?" कशाला आलीस?

मी उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा उडदावर गेले असते. म्हटलं, "त्या दिवशी साहेबाने मले विचारलं होतं. ही झाडी आहे ना म्हणून. मी हव म्हटलं." माझ्याच बोलीत बोलले. दुसऱ्या कुठल्या भाषेत ते वाक्य मला येत नव्हतं.

ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "जानथंव. मालती बताए रहिस." माहीत आहे मला. मालतीने सांगितलं होतं.

म्हणजे त्या पावसाळ्यात तिने मला पाणी दिलं, नातीच्या लग्नाचं सांगितलं, तेव्हाही तिला माहीत होतं. मी बोलते का, हे ती पाहत होती. मी जायला निघाले तर मागून तिचा आवाज आला.

"सात में दू ठन तोर." सातातली दोन तुझी. "बाकीच्यांना मी काडी लावणार. तुझ्या दोघांखाली तू झाड. नाही झाडलंस तर ती पण जातील."

तेव्हापासून मी दरवर्षी फाल्गुनात दोनदा जाते. दोन मोहांखाली झाडते, पाचोळा कडेला ओढून आगीची वाट तोडते, काट्या नीट करते. ती तिच्या पाच झाडांखाली आग लावून काठी घेऊन उभी राहते आणि मला बोलत राहते. "सरकारी हात आहे, म्हणून इतका हळू." "रायपूरला बसून बसून वाकायचं विसरलीस." काम होईपर्यंत तिचं तोंड चालू. ते ऐकायला मिळतं म्हणून कमरेचं काही वाटत नाही, असं म्हणायला हवं, पण कंबर दुखते ती दुखतेच.

दोन झाडांखाली मिळून पहिल्या वर्षी सहा फुटवे होते. गेल्या वर्षी चार होते. त्यातले दोन गुडघ्याच्या वर आले. बाकीच्या पाच झाडांखाली मी पाहत नाही. पाहिलं तर मोजावंसं वाटेल.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं, मुलाने बसचं नाव काढू नको सांगितलं. नात मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, "आजी, दो पेड़ के लिए कोई इतना करता है क्या?" मी तिला सांगितलं, कापायला मला अर्धा दिवस लागला होता. तिने फोन माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "फोन तो कर लो उनको."

मी केला नाही. फुलबासनचाच आला. तिच्या मुलाच्या फोनवरून ती फार मोठ्याने बोलते, फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"पानं पडली सगळी. वारा सुटला आहे. माचिस हाथ में धरे हंव. कब आबे?" काडीपेटी हातात धरून आहे, कधी येतेस?

"गुडघे दुखतात वो बाई."

"मोरो पिराथे." माझेही दुखतात. मग म्हणाली, "बहरी दू ठन लानबे." खराटे दोन आण.

दोन कशाला हे मी विचारलं नाही. "हव," म्हटलं.

गेल्या वर्षीचा एक खराटा गच्चीवर होता, झिजून अर्धा झालेला. दुसरा गोल बाजारातून आणला. दुकानदाराने विचारलं, आंगन बड़ा है क्या? म्हटलं, बरंच मोठं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला बसले. कंडक्टर खराटे टपावर टाक म्हणत होता, मी मांडीवर आडवे धरले. गावाच्या अलीकडे वळणावरून धूर दिसला. दोन ठिकाणी. मी खिडकीतून इतकी वाकले की शेजारची बाई म्हणाली, "दाई, गिर जाबे." पडशील म्हणून. त्या वळणावरून कोणत्या झाडाचा धूर आहे ते कळत नाही. बस थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उतरले आणि गुडघ्यांना न विचारता चालत सुटले.

धूर दुसऱ्या घरच्या मोहांचा होता. तिची सातही झाडं पाचोळ्यात तशीच उभी. माझ्या दोघांच्या शेजारचं तिसरं झाड, त्याच्याखाली फुलबासन वाकलेली. पळसाची एक डहाळी तोडून तिने अर्धा घेर झाडत आणला होता. काडीपेटी कनवटीला खोचलेली.

"अतका देरी," ती म्हणाली. इतका उशीर. हात पुढे करून तिने माझ्याकडचा नवा खराटा ओढून घेतला आणि झिजलेला माझ्याकडे ढकलला.

"जुन्ना तोर."